म्हातारं कुत्रं-मांजर ‘बिघडलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

"म्हतारा झाला न भाऊ तो आता, असाच करंन." आमच्या इकडे कुत्रं पायऱ्या चढेना झालं, मांजर उंदीर धरेना झालं की हे वाक्य ठरलेलं, आणि ते म्हटलं की विषय संपला. मी पण दोन वर्षं हेच म्हणत होतो आणि त्या दोन वर्षांत आमचा कुत्रा टिप्या रोज दुखणं काढत होता हे फार उशिरा कळलं, म्हणून लिहितोय. म्हातारपण स्वतः काही आजार नाही. पण म्हातारपणी जे आजार येतात त्यातले बरेच दुखणारे असतात, आणि जनावराला सांगता येत नाही म्हणून ते दुखणं आपल्याला दिसतं फक्त त्याच्या वागण्यातून. आपण तेच वागणं पाहून त्याला आळशी, माजलेला, येडा अशी नावं ठेवतो.

केकाटत नाही म्हणजे दुखत नाही असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. पायावर पाय पडला तर कुत्रं केकाटतं, बरोबर, पण महिनोन्महिने ठणकणाऱ्या खुब्यासाठी ते केकाटत नाही. ते खातं, शेपूट हलवतं, आपण आलो की उठून पण येतं. मग पाहायचं काय? सकाळी उठताना पहिली दहा पावलं आखडलेली आहेत का आणि थोडं चाललं की मोकळं होतं का. बसताना धप्पकन बसतं का. मागची मांडी वाळून पुढचा भाग मोठा दिसायला लागला का. एकाच सांध्याला चाटत बसतं का. थंडीत हे सगळं वाढतं का. आणि आधी जे हौसेनं करायचं ते सोडलं का, हे तर पाहायचंच.

टिप्या गावरान कुत्रा, वावरात जागलीला माझ्यासोबत यायचा, रानडुक्कर तुरीत शिरलं की माझ्याआधी धुऱ्यावर पोचायचा. नवव्या-दहाव्या वर्षी तो बंडीमागे यायचा आणि अर्ध्या वाटेत बसून राहायचा. मी म्हटलं, लाडावला. तो तीन वर्षांचा असताना एका मोटरसायकलनं त्याला उडवलं होतं, महिनाभर लंगडला होता, मग बरा झाला, आम्ही विसरून गेलो. पण तो खुबा आतून झिजतच होता.

खरं म्हणजे आपल्याला हे समजत नाही असं पण नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतो, पळसाच्या पानानं शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. जिथं जू बसतं तिथं दुखतं हे आपल्या आजा-पणजाला माहीत होतं म्हणूनच न हे. मग तोच बैल आषाढात तासात बसला की आपण पराणी टोचतो आणि म्हणतो बैल मातला. आधी त्याचा खांदा आणि खूर पाहा.

गुरगुरलं की मारणं, नाहीतर साखळीनं बांधणं

माझी पुतणी टिप्याच्या अंगाखांद्यावर वाढली. एक दिवस तिनं मागून मिठी मारली आणि तो तिच्यावर गुरगुरला. बाबा म्हणाले, बांध त्याले, पोरीले चावंन एखाद दिवशी. आम्ही पंधरा दिवस साखळीला बांधला आणि तो आणखी चिडका झाला, कारण न चालता एका जागी पडून सांधा जास्त आखडतो, आणि साखळीला असल्यामुळे कोणी जवळ आलं तर त्याला सरकून पण जाता येईना.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची "तिथं हात लावू नको" एवढी सूचना असते. मारून ती सूचना बंद केली तर दुखणं बंद होत नाही, पुढच्या वेळी तो न गुरगुरता सरळ चावतो. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये मांडलं की वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी कमीत कमी एक तृतीयांशात, आणि काही ठिकाणी तर जवळजवळ ८० टक्क्यांत, कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. त्याच विद्यापीठात २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या थोड्या केसेस तपासल्या, तर ज्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं त्यांची भीती सरासरी चार वर्षं उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली दिसली. आवाज झाला की अंग दचकून आवळतं, दुखऱ्या सांध्यात कळ जाते, आणि मग कुत्रं आवाजालाच भ्यायला लागतं. हे वाचलं तेव्हा मला आमची दिवाळी आठवली. आठ वर्षं फटाक्यांत अंगणात झोपणारा कुत्रा नवव्या वर्षी बाजेखाली लपला होता आणि आम्ही हसलो होतो त्याला. म्हातारपणी नव्यानं सुरू झालेली भीती असेल तर आधी सांधे, दात, कान तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कुत्रं अचानक चावलं तर "दुखत असंन बिचाऱ्याले" म्हणून जखम सोडून द्यायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. कुत्र्याच्या वागण्याचं कारण नंतर शोधता येतं.

झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नका, पोरांनाही शिकवा. कान गेलेले असतात, डोळ्यात पडदा आलेला असतो, दचकून तोंड मारतं. जवळ जाऊन जमिनीवर पाय आपटा, हादऱ्यानं ते जागं होतं.

घरातली अंगदुखीची गोळी देणं

हे वाचून बाकी काही नाही लक्षात राहिलं तरी चालेल, एवढं ठेवा. मांजराला पॅरासिटामॉल कधीच द्यायचं नाही. अर्धी नाही, पाव नाही, लहान पोराचं सिरप पण नाही. माणसाच्या यकृतात हे औषध मोडून बाहेर टाकायची जी सोय असते ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, त्यामुळे औषधाचं विष बनतं, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चुकून गेली असेल तर वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

कुत्र्याला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे पण नाही. पोटात अल्सर होतात, किडनी बसते. गावात मेडिकलवरून आणलेली "कंबरेची गोळी" भाकरीत घालून देणारे लोक मी पाहिलेत, प्रेमानंच देतात, आणि दोन दिवसांनी कुत्रं काळं डांबरासारखं हगतं, म्हणजे आतून रक्त जातंय. डायक्लोफेनॅक तर २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. ते टोचलेलं ढोर मेलं की त्याच्यावर उतरणारी गिधाडं किडन्या निकामी होऊन मरायची. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळात गिधाडांच्या घिरट्या दिसायच्या, आताच्या पोरांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं, त्याचं मोठं कारण हे औषध.

कुत्र्यांसाठी दुखण्याची औषधं आहेत, मेलॉक्सिकॅम हे त्यातलं नेहमीचं, पण ते वजनावर मोजून, पोटात अन्न असताना, आणि किडनी-लिव्हर बघून डॉक्टरनं ठरवायचं. दोन दुखण्याच्या गोळ्या एकत्र नाही, स्टेरॉइडसोबत तर नाहीच. टिप्याला डॉक्टरांनी आधी थोडे दिवस औषध देऊन वागण्यात फरक पडतो का पाहा म्हटलं. आठ-दहा दिवसांत तो पुतणीच्या पायाशी जाऊन झोपायला लागला. ते पाहून आमच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं, ती म्हणाली, "मुकं लेकरू, सांगंन कोनाले?"

बिब्बा आणि डाग, हे दोन गावठी इलाज पण सोडा. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड येतात, आणि जनावर ते चाटतं म्हणजे तोंडही भाजतं. तापलेल्या सळईनं डागल्यावर जनावर लंगडायचं थांबतं असं म्हणतात, पण आतला सांधा तसाच राहतो आणि वरून भाजल्याची जखम होते. शेक द्यायचा तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं, आधी आपल्या मनगटावर लावून पाहून.

मांजर शहाणं झालं म्हणणं

कुत्र्याचं निदान लंगडणं तरी दिसतं. मांजर लंगडत नाही, ते फक्त कमी करतं. पाटईवर, धान्याच्या कोठीवर उडी मारणं सोडतं, एका झेपेत जायचं तिथं पोत्यावरून, मग पेटीवरून जातं, पाठीवरचे केस गुंतून राहतात कारण कंबर वळवून चाटता येत नाही, नखं वाढून गादीत रुततात. २००२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तर ९० टक्क्यांत सांधे-मणक्यांची झीज होती. एवढी सगळी मांजरं अन् त्यातल्या कितीजणांना घरच्यांनी "शांत झाली आता" म्हटलं असेल.

मांजराचा चेहरा पाहायला शिका. मॉन्ट्रियल विद्यापीठानं २०१९ मध्ये त्यासाठी पाच खुणांची मोजपट्टी बनवली: कान बाजूला पडलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाचा पुढचा भाग ताणलेला, मिश्या सरळ ताठ, आणि डोकं खांद्याच्या रेषेखाली. जागं आणि निवांत असताना पाहायचं. मांजर घरात कुठंही घाण करायला लागलं असेल तर मारायच्या आधी बघा त्याला बाहेर जायला भिंत ओलांडावी लागते का. कमी काठाच्या घमेल्यात माती किंवा गार राख घालून कोपऱ्यात ठेवा, खायचं खाली ठेवा, मधे एक पायरी म्हणून पेटी सरकवा.

मुततं म्हणून पाणी तोडणं

असं करणारी माणसं आहेत. म्हातारं कुत्रं ओसरीत मुततं म्हणून संध्याकाळनंतर पाणीच ठेवायचं नाही. अकोला-चंद्रपूरच्या ४५ डिग्रीत हे म्हणजे जिवावर उठणं. जास्त पाणी पिऊन जास्त मुतत असेल तर किडनी, शुगर, लघवीचं इन्फेक्शन तपासा, आणि उठून बाहेर जाईपर्यंत सांधा साथ देत नसेल तर त्याची झोपायची जागा दाराजवळ आणा. पाणी कायम भरलेलं पाहिजे.

रात्रभर भुंकतं म्हणून दगड मारणं

यात दुखणं असू शकतं, आणि मेंदूचं म्हातारपण पण असू शकतं, माणसाच्या विसरभोळेपणासारखं. कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून उघडायची वाट पाहणं, दिवसा झोप रात्री चकरा, ओळखीच्या माणसावर भुंकणं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये पाहिलं तर ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांत यातलं एक तरी लक्षण होतं. झिरोचा बल्ब लावून ठेवा, भांडं आणि बिछान्याची जागा बदलू नका, संध्याकाळी हळू हळू थोडं फिरवा. यावर पण औषधं आहेत, डॉक्टरला विचारा.

लाडानं खाऊ घालणं आणि टाईल्सवर झोपवणं

वजन वाढलं की झिजलेल्या सांध्यावर तेवढा भार वाढतो, सरळ हिशोब आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर दिलं, कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे उपचार उशिरा लागले, २००२ मध्ये हे छापून आलं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, तेवढं वजन बरं. नवीन घरात गुळगुळीत टाईल्स बसवल्या असतील तर त्याच्या वाटेवर बारदाना किंवा जुनी सतरंजी टाका, पाय फाकतात त्यांचे. कपाशीच्या मुलखात जुनी गादी कोणाकडे नाही, थंडीत ती द्या.

दवाखान्यात नेऊन "पाहा साहेब" एवढंच म्हणणं

दवाखान्यात जनावर भीतीनं ताठ होतं आणि लंगडणं गायब होतं. म्हणून घरी मोबाईलवर व्हिडिओ काढा: सकाळी उठताना, पायरी चढताना, चालताना बाजूनं आणि मागून. कधीपासून, थंडीत वाढतं का, कुठं हात लावला की वळून पाहतं, जुना मार लागला होता का, हे कागदावर लिहून न्या. मी ती मोटरसायकल सांगितली नसती तर डॉक्टरांनी थेट खुब्याला हात लावला नसता. हात लावल्यावर टिप्यानं वळून त्यांची बाही तोंडात धरली, चावला नाही, नुसती धरली. मग नागपूरला नेऊन एक्स-रे काढला. अंगावर गोचिड्या असतील तर तेही सांगा, गोचिडीच्या तापातही सांधे दुखतात आणि तिथं उपचार वेगळा आहे. दातांचं पण विचारा, किडलेला दात असलेलं कुत्रं तोंडाजवळ हात नेला की तोडायला धावतं.

ढाब्यावर सोडून येणं

याच्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. दहा वर्षं ज्यानं तुमचं वावर राखलं त्याला दिसत नाही, चालवत नाही, तेव्हा हायवेला सोडून आलात तर ते दोन दिवस पण जगत नाही. औषधानं दुखणं खरंच थांबत नसेल तर डॉक्टरांशी बोला, वेदना न होता जाऊ देण्याचा मार्ग आहे आणि तो विचारण्यात पाप नाही. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, चांगला दिवस की वाईट: खाल्लं का, उठलं का, आपण आलो तर मान वर केली का. महिन्याभरात वाईट खुणा जास्त दिसायला लागल्या की तो कागद घेऊन जा.

आमच्या कॅलेंडरवर टिप्याचं हे बारावं वर्ष चालू आहे. वावरात तो आता येत नाही, विहिरीपर्यंत येतो, तिथं बसतो, आणि मी परत येईपर्यंत तिथंच असतो.