आकडे मोजण्यापूर्वीची विचारपूस: नव्या डेटा अ‍ॅनालिस्टसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना एक्सेल आणि एसक्यूएल बहुधा चांगले येत असते. त्यांचे अडते ते माणसांशी बोलण्यात, आणि त्या बोलण्याचीही एक पद्धत आहे.

मालकांनी "रिजेक्शनचा रिपोर्ट काढा", म्हणजे सदोष ठरून नाकारलेल्या मालाचा अहवाल काढा, असे सांगितले की लगेच संगणकाकडे वळू नये. हा रिपोर्ट पाहून काय ठरवायचे आहे, हे त्यांना आधी नम्रपणे विचारावे. साच्याच्या वाळूचे मिश्रण बदलावे का हे ठरवायचे असेल तर ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी), वाळूचे कण राहणे अशा दोषांनुसार मांडणी लागते. ग्राहकाकडे दर वाढवून मागायचा असेल तर तीच माहिती ग्राहकानुसार आणि पार्टनुसार लावावी लागते. मिळालेले उत्तर आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहून त्यांना दाखवावे, म्हणजे आठ दिवसांनी "मला हे नको होते" असे ऐकावे लागत नाही.

त्यानंतर, आकडा जिथे लिहिला जातो तिथे स्वतः जावे. माझ्या मते या कामात याहून महत्त्वाचे काही नाही. रजिस्टर कोण भरतो, शिफ्ट चालू असताना भरतो की सुटताना आठवून भरतो, रात्रपाळीत बारानंतर ओतलेल्या हीटला (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला) आधीची तारीख लागते की नवी, हे कोणत्याही फाइलीत लिहिलेले नसते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्यात एका महिन्याचे रिजेक्शन एकदम वाढल्याचे दाखवले आणि त्या महिन्यातील रात्रपाळीकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात ग्राहकाने आधीच्या तीन महिन्यांतील सदोष कास्टिंग (ओतीव भाग) एकाच गाडीने परत पाठवले होते आणि आमच्या नोंदीत तारीख होती ती माल परत आल्याची, ओतल्याची नव्हे. स्टोअरमध्ये पाच मिनिटे उभा राहून विचारले असते तर हे कळले असते, आणि ज्या मोल्डरांना (साचे बनवणाऱ्या कामगारांना) बोलणी खावी लागली त्यांची ती चुकली असती. म्हणून परत आलेल्या प्रत्येक मालाची नोंद हीट नंबरशी जोडून घेतल्याशिवाय महिन्यांची तुलना करू नये.

शब्दांचा अर्थही आधी ठरवून घ्यावा. समजा, २ किलोची १००० कास्टिंग ओतली आणि त्यांतील ५० नाकारली गेली. ४० किलोची १०० ओतली आणि २ नाकारली गेली. नगांवर मोजले तर रिजेक्शन सुमारे ४.७ टक्के येते, वजनावर मोजले तर ३ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण उत्पादन विभाग एक आणि हिशेब विभाग दुसरे धरून बसला तर बैठकीचा सगळा वेळ वादात जातो. रिपोर्टच्या माथ्यावरच मोजणीचा आधार लिहावा.

आपल्या भागात भाषेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शॉप फ्लोअरवर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, आणि सुपरवायझर कन्नड बोलणारे असतील तर मोडक्या का होईना, कन्नडमध्येच सुरुवात करावी. मात्र "याक", म्हणजे "का", असे विचारले की समोरच्याला जाब विचारल्यासारखे वाटते. "हेंग", म्हणजे "कसे", असे विचारले की तो काम दाखवू लागतो. मराठीतही हाच फरक आहे. वयाने मोठ्या कामगाराला मामा किंवा अण्णा म्हणावे आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीत वही काढू नये.

नावांचे कामही किचकट असते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींत एकाच ठिकाणाचे ग्राहक दोन ठिकाणचे दिसू शकतात. चिकोडीकडच्या साखर कारखान्यात काम असेल तर वर्षही विचारून घ्यावे, कारण साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिशेबाचे १ एप्रिलला.

निष्कर्ष कोणाच्या विभागाविरुद्ध जात असेल तर तो बैठकीपूर्वी त्या सुपरवायझरांना एकट्यात दाखवावा. यात लपवाछपवी नाही; मला तर अनेकदा चूक तिथेच सापडली आहे. बैठकीत पहिले वाक्य निर्णयाचे असावे, जसे "या पार्टचा साचा आधी तपासावा", आणि तक्ते मागितले तरच दाखवावेत. किती नोंदी अपुऱ्या होत्या हे मात्र न विचारताच सांगावे. महिन्याभराने पुन्हा शॉप फ्लोअरवर जाऊन साचा खरोखर तपासला गेला का ते पाहावे, आणि ज्या मामांनी रजिस्टर समजावून दिले त्यांना त्यातून काय निघाले ते सांगून यावे.