नाटक वाचायला बसताय? मग या चुका टाळा

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर मंगळवार पेठेत आमच्या घरी सात-आठ जण दर रविवारी नाटक वाचायला बसायला लागलो. आता नवीन ग्रुपवाले विचारायला येतात आणि बहुतेकांची चूक एकच, नाटक स्वतः न वाचताच ठरवून मोकळे होतात.

आम्हीपण तेच केलं. पहिल्याच रविवारी ‘एकच प्याला’ काढलं, 1919 मध्ये रंगभूमीवर आलेलं, पाच अंकी, आणि गडकऱ्यांची वाक्यं इतकी लांब की श्वास कुठं घ्यायचा तेच समजंना. सहाला बसलो, साडेनऊला तिसऱ्या अंकात होतो, त्यात पदं गायची का नुसती वाचायची यावर अर्धा तास वाद, आणि सिंधू वाचणाऱ्या काकूंचा घसा पार बसला. पुढच्या रविवारी चौघंच आले. एवढं मोठं नाटक आठवड्याला एक अंक असंच घ्यायला पाहिजे होतं. आता मी आधी दहा पानं घड्याळ लावून मोठ्यानं वाचतो (मनात नाही, मनात निम्म्या वेळात होतं) आणि त्यावरनं सगळ्या पानांचा हिशोब घालतो. दोन तासांच्या वर जात असेल तर दोन रविवार.

दुसरं, भूमिका आधी वाटू नका. तळीराम वाचणाऱ्या दादानं आपली वाक्यं घरून हायलायटरनं पिवळी करून आणली होती, नजर फक्त पिवळ्यावर, समोरचा हळू आवाजात बोलतोय तरी यांचं उत्तर घरी ठरवलेल्या दणक्यातच. ऐकणंच बंद झालं तर एकत्र बसायचं कशाला? मी बसल्यावर चिठ्ठ्या टाकतो आणि अंक बदलला की भूमिकापण बदलतो. “तयारी करू दे की” म्हणणाऱ्यांना सांगतो, अख्खं नाटक वाचून या, तीच तयारी.

रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा, नाहीतर कोण आत गेलं, कोण बाहेर आलं काही कळत नाही.

मोबाईलवर वाचू नका, झेरॉक्स काढा. तिकीट लावून किंवा जाहीर वाचन करणार असाल तर लेखकाची, नाहीतर वारसांची परवानगी आधी घ्या.

आणि चहा अंक संपल्यावरच. मध्ये कपबशा वाजल्या की हळू म्हटलेलं वाक्य कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पोचतच नाही.