लिव्हर सिरोसिस: घरच्या देखभालीतील या चुका टाळा

सिरोसिस, म्हणजे यकृत (लिव्हर) कठीण होत जाण्याचा आजार, पुढच्या टप्प्यात गेला की पोट, स्नायू, मूत्रपिंडे आणि मेंदू या सर्वांवर त्याचा परिणाम दिसू लागतो, मात्र घरच्यांना त्या खुणा ओळखू येतातच असे नाही. पोट पुढे आले की ‘अंग धरले’ असे म्हटले जाते. पण त्याच वेळी दंड आणि मांड्या काटकुळ्या होत असतील, तर वाढलेले वजन बहुधा जलोदराचे, म्हणजे पोटात साचलेल्या पाण्याचे असते.

स्नायूंची ही झीज वाढवणारी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘लिव्हरला आराम’ म्हणून डाळ, अंडी, दूध बंद करून रुग्णाला पेज आणि उसाच्या रसावर ठेवणे. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा करून ठेवते. कठीण झालेल्या यकृताला ते पुरेसे जमत नाही, त्यामुळे रात्रभरच्या उपवासात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. म्हणूनच वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे, उदाहरणार्थ पेलाभर दूध व एखादी पोळी, असा सल्ला दिला जातो.

काटेकोर पथ्य हवे ते मिठाचे. दिवसभरात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही मर्यादा असताना भाजी अळणी करून ताटात लोणचे-पापड वाढण्याला अर्थ नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन (अंगातले पाणी लघवीवाटे काढणारे, पण पोटॅशियम अंगात राखणारे औषध) चालू असल्यास ते धोक्याचे ठरते.

लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाने दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला होऊ लागले की जुलाब समजून औषध थांबवले जाते. वास्तविक तेवढे मऊ शौच होणे हाच त्याचा हेतू असतो, कारण त्यावाटे मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया बाहेर पडतो. औषध थांबल्यावर रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागतो, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात घालतो, बँकेच्या स्लिपवरची सही वेडीवाकडी होते. अशा वेळी ‘झोप लागत नाही’ म्हणून झोपेची गोळी देणे म्हणजे बेशुद्धीला आमंत्रणच.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये. मूत्रपिंडे निकामी होण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. काढ्यांबाबतही सावध राहावे: कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा जलोदर असताना पोटदुखी यांपैकी काहीही झाल्यास सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला, तरी ताप येतोच असे नाही.