पाहुण्याच्या हातून घरात मोडतोड झाली, तर खर्च कोणाचा?

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, बडोद्यात आपल्या धाब्यावर (गच्चीवर) किती माणसं चढणार, याचा अंदाज घरमालकालाही नसतो. सुनेच्या माहेरचे, मुलाच्या ऑफिसातले, शिवाय त्यांनी बरोबर आणलेले आणखी दोघं. हल्ली त्याच धाब्यावर सोलर पॅनेलही असतात. कटलेल्या पतंगामागे कुणीतरी धावतं आणि पाय नेमका काचेवर पडतो. माझी सगळी नोकरी विम्याच्या क्लेम खात्यात गेली, त्यामुळे वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, उलटलं की नात्यातले फोन मलाच येतात, "वहिनी, पैसे मागायचे का? आणि मागायचे तर कोणत्या तोंडानं?"

सगळ्यात आधी तोंड आवरा. आपल्याकडे वस्तू जमिनीवर पडायच्या आत "अहो असू दे हो, काही नाही झालं" निघून जातं. त्याऐवजी "कुणाला लागलं नाही ना? बाकीचं बघू सावकाश," एवढंच म्हणा. व्हॉट्सॲपवर तर "तुमची काहीच चूक नाही, विसरून जा" असं मुळीच लिहू नका. घराचा विमा असेल आणि कंपनीनं भरपाई दिली, तर चुकणाऱ्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. तो तुम्ही परस्पर सोडून दिलात, तर दाव्यात अडचण येऊ शकते.

मग जागा सुरक्षित करा. तडा गेलेलं पॅनेल ऊन असेपर्यंत वीज तयार करतच राहतं. खाली मेन स्विच पाडला तरी पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत विजेचा दाब असतो. ओलं फडकं घेऊन काच पुसायला जाऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि ज्यानं पॅनेल बसवलं त्यालाच बोलवा. फोटो मात्र लगेच काढा. एक लांबून, आजूबाजूचं सगळं दिसेल असा, एक जवळून. ही काच टफन केलेली असते, त्यामुळे एका जागी दाब पडला तरी जाळं सगळ्या पॅनेलभर पसरतं, ते नीट दिसू द्या. पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा सिरियल नंबर बसवणाऱ्याकडून टिपून घ्या. उत्पादकाच्या वॉरंटीवर विसंबू नका. ती बनावटीतल्या दोषाची आणि वीजनिर्मितीची असते, पायाखाली फुटलेल्या काचेची नाही.

आता मुख्य प्रश्न. पाहुण्याच्या हातून झालं म्हणजे पाहुण्यानं भरायचं, असं कायदा म्हणत नाही. त्यानं हलगर्जी केली का, हे बघावं लागतं. त्याच्या जागी एखाद्या शहाण्या माणसानं जेवढी काळजी घेतली असती तेवढी त्यानं घेतली नसेल, आणि त्यामुळेच नुकसान झालं असेल, तर भरपाईची जबाबदारी त्याची. "तिकडं जाऊ नका, पॅनेल आहेत" असं सांगूनही कुणी त्यावरून उडी मारली, तर प्रश्नच नाही. पण अंधारात कुणालाच काही सांगितलं नव्हतं आणि धाब्यावर दिवाही नव्हता, तर दोषाचा काही वाटा तुमच्याही पदरात येऊ शकतो.

याची दुसरी बाजू झोपाळ्यावर बघा. बडोद्यातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्यात झोपाळा असतो. पाहुणा नेहमीसारखा बसला, छताची झिजलेली कडी निसटली, फळी खाली आली आणि फरशी फुटली. झोपाळ्यावर बसणं ही काही हलगर्जी नव्हे, कडी तपासणं तुमचं काम होतं. इथे फरशीचे पैसे मागणं सोडा, त्याच्या कमरेच्या एक्सरेचा खर्च तुमच्याकडे आला तर नवल वाटून घेऊ नका. माझ्या मते वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, कडी आणि सळ्या बघून घ्याव्यात.

लहान मुलानं टीव्ही फोडला तर? आई-वडील आपोआप जबाबदार ठरत नाहीत. त्यांनी स्वतः लक्ष द्यायचं टाळलं असेल तरच त्यांच्यावर येतं. व्यवहारात बहुतेक आई-वडील न सांगता भरपाईचं विचारतात, आणि जे विचारत नाहीत ते कायद्यानं सांगूनही विचारणार नाहीत.

पोलिसांत जाऊ नका. मुद्दाम नुकसान करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये आहे, पण त्याला हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. ग्राहक आयोगातही हे बसत नाही, कारण पाहुण्यानं तुम्हाला कसली सेवा विकलेली नाही.

विम्याकडून काय मिळेल? 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी असते. तिच्यात आग, स्फोट, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं अशी कारणं मोजून दिलेली आहेत. सोलर पॅनेल घराच्या इमारतीत धरले जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण हातातून निसटलेला टीव्ही त्या कारणांत बसत नाही. पाहुण्याच्या चुकीनं स्वयंपाकघरात आग लागली, तर मात्र तिथे दावा करा आणि कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत जळकं सामान टाकू नका. तुमची जुनी हाउसहोल्डर पॉलिसी असेल, तर तिची कलमं वेगळी असतात, वाचून घ्या. कंपनीनं दावा नाकारला, तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा; तीही फेटाळली किंवा एक महिना उत्तरच दिलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात.

पैसे मागायचेच ठरलं, तर नव्या वस्तूची किंमत मागू नका. सहा वर्षं वापरलेल्या टीव्हीची आजची किंमत काढा, किंवा दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचंच बिल पुढे करा. पॅनेल बदलताना जुन्याच वॅटचं मिळतं का ते विचारा. एकाच ओळीत कमी ताकदीचं पॅनेल बसवलं तर बाकीच्यांची वीजही खाली येते. अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि तेच पाठवा: "भाऊ, पॅनेलवाला येऊन गेला, हा त्याचा कागद. अर्धं मी बघते, अर्धं तुम्ही बघाल का?" एवढं पुरतं. दहा माणसांत विषय काढू नका. समोरचा घरचा जावई असेल, तर मागायचं की नाही हे आधी त्याच्या सासूबाईंशी बोलून ठरवा, कायद्यापेक्षा तिथलं मत मोठं.

रक्कम मोठी आणि समोरचा टाळत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत तडजोडीसाठी अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही. दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं.

तुम्ही भाड्यानं राहत असाल तर हिशेब उलटा फिरतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, घर घेतलं तसं परत देणं भाडेकरूचं काम, नेहमीची झीज सोडून. तुमच्या पाहुण्यानं बेसिन फोडलं तर घरमालक डिपॉझिटमधून तुमच्याकडून कापणार, आणि पाहुण्याकडून वसूल करायचं की नाही हा तुमचा प्रश्न. म्हणून घर घेतानाच बाथरूम, काचा, ओटा यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.