पोरं बोलत नाहीत? त्यांच्यासंगं शेंगा सोलायला बसा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. दहावी-बारावीतल्या पोरांच्या आया एकच गाऱ्हाणं सांगतात, "बाई, हा घरात तोंडच उघडत नाही." बाप म्हणतो, "मोबाइल हिसकून घे, बरोबर बोलन." मोबाइल हिसकल्यानं पोरगं बोलतं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. एसटीतून उतरून घरी आलेल्या पोराला दारातच "मार्क किती पडले?" विचारलं, की ते दप्तर टाकून आत जातं. आधी जेवू द्या. मग हाताला काम असेल अशी वेळ धरा. हिवाळ्यात सोल्यांच्या भाजीसाठी तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसतो ना, ती वेळ फार चांगली. नजर शेंगांवर असते, म्हणून बोलताना लाज वाटत नाही. एका घरी अर्धी टोपली झाल्यावर नववीतली पोरगी आपणहून म्हणाली, "आई, मले गणिताच्या तासाले काहीच समजत नाही." आई म्हणणारच होती, "मंग मोबाइल कशाले पाहतं?" मी तिचा गुडघा दाबला. ती गप्प राहिली, तेव्हा पुढचं निघालं. मागच्या बाकावरून पोरीला फळाच दिसत नव्हता. डोळे तपासले, चष्मा लागला.

पोर बोलायला लागलं की तुमचा सल्ला थोडा वेळ पोटातच ठेवा. "मंग काय झालं?" एवढंच विचारा.

पैशाचं लपवू नका. कृषी केंद्राची उधारी किती, कापूस विकून काय आलं, हे पोरांना अर्धवट कानावर पडतं आणि रात्री त्यांचा जीव घाबरा होतो. वही उघडून हिशेब दाखवा, पण "तुझ्या शिक्षणापायी कर्ज झालं" हे वाक्य कधीच बोलू नका.

पाहुण्यांसमोर, पारावर पोराचा पाणउतारा करू नका. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं तर आळशी म्हणू नका. या वयात झोपच उशिरा लागते आणि 8 ते 10 तासांची गरज असते.

जेवण सुटलं, मित्र तोडले, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं पोर बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, आणि मरायचा विचार येतो का, हे मायेनं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवा. आमच्या भागात बाटल्या कोठ्यात उघड्या पडलेल्या असतात, म्हणून हे मी प्रत्येक घरी सांगते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. फोन पोराला सांगून, त्याच्या शेजारी बसून लावा.