जुनी कास्ट आयर्न बुलेट घेऊन लांब निघताय? या चुका टाळा

गाडी बंद पडली की पहिल्यांदा कार्बुरेटर खोलायचा ही आपल्याकडची जुनी खोड. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक अशी जी जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरची) बुलेट ३५० आहे ना, तिचं निम्मं दुखणं गाडीचं नसतंच, आधीच्या मालकाने आणि घाईतल्या मिस्तरीने करून ठेवलेले उद्योग असतात ते. त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी जरा बघा, ऐका, वास घ्या.

सगळ्यात कॉमन घोळ ऑईलचा. महिनाभर उभी असलेली गाडी काढली, ऑईल मोजायची दांडी बघितली, ऑईल खाली दिसलं, ओतलं अर्धा लिटर. अहो थांबा! या इंजिनात ऑईलची टाकी क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या पेटीत) पण वेगळ्या कप्प्यात असते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की तिथलं ऑईल पंपातून झिरपत झिरपत क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) बाजूला उतरतं. म्हणजे ऑईल कमी झालेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. तुम्ही वरून भर घातलीत की चालू केल्यावर आधीचं सगळं परत टाकीत येतं आणि जास्तीचं इंजिनातली हवा सोडणाऱ्या ब्रीदर पाईपातून बाहेर, चेनवर, कधीकधी मागच्या टायरवरही. धूर तर असा की शेजारी खिडक्या लावून घेतात. मग कोणीतरी सांगतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडरचा ब्लॉक खोलावा लागेल, आणि चांगला भला ब्लॉक खोलला जातो. त्यापेक्षा गाडी चालू करा, ५-१० मिनिटं चक्कर मारून या आणि मग दांडी बघा. धूर एकदोन किलोमीटरमध्ये विरला तर ते उतरलेलं ऑईल होतं, गरम इंजिनवरही ॲक्सिलरेटर पिळला की निळा धूर येतच राहिला तर मग रिंगांचा विचार करा.

दुसरं, गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी. ३०-४० किलोमीटर मस्त चालते, मग फटफट करून बंद, पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. इथे लोक कार्बुरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) साफ करतात, प्लग बदलतात, एअर फिल्टर काढून फेकतात (हे तर अजिबात नको, आत धूळ जाऊन सिलिंडर घासतो). आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाचणीने साफ करा, एक रुपया खर्च नाही. तसं नसेल तर पॉईंटचं (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या स्विचचं) झाकण काढून अंधारात किंवा हाताने आडोसा करून किक मारताना पॉईंटकडे बघा. तिथे जाड पिवळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा) गेला. पॉईंटवर काही वावगं नाही पण प्लगला ठिणगी मरतुकडी, आणि कॉईल (प्लगला जोराचा करंट देणारी) हात लावू देत नाही इतकी तापलेली, तर संशय कॉईलवर. पॉईंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि तो फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) बघायचा, ब्लेडच्या पात्याने नाही!

किक मारताना नुसता जोर लावू नका. अँपमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध येईपर्यंत किक हळू दाबा, डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) ओढून अजून थोडीशी सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण पाय टाका. टायमिंग पुढे गेलेलं असेल (ठिणगी वेळेआधी पडत असेल) तर ही गाडी किक उलटी मारते आणि घोट्याची वाट लागते, तेव्हा वारंवार बॅक किक येत असेल तर पायाची ताकद दाखवण्यात अर्थ नाही, टायमिंग बघा.

डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरमधून (इंजिन ते क्लच चेनवरच्या झाकणातून) ऑईल गळतंय म्हणून लोक मधला नट आवळतच जातात. कव्हर त्या एकाच नटावर बसतं, जास्त आवळलं की ते वाकतं आणि अजून गळतं. रबर सील बदला, बसणारी कड सरळ आहे का बघा. आत ऑईलही लेव्हल स्क्रूपर्यंतच, जास्त भरलं की क्लच घसरतो आणि मग प्लेटा बदलण्याचा खर्च उगाच.

आता चालवण्याचं. ज्याची रोजची गाडी डाव्या गिअरची आहे त्याने थेट ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात ही काढू नये. कुत्रं आडवं आलं की उजवा पाय आपोआप दाबला जातो आणि तिथे ब्रेक नाही, गिअर आहे, पहिला वर आणि बाकीचे खाली, म्हणजे दाबलात की गाडी थांबायच्या ऐवजी पुढचा गिअर पडतो. हे डोक्याला कळतं, पायाला कळायला वेळ लागतो. आठवडाभर गल्लीबोळात चालवा. घाट उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, ड्रम ब्रेक तापले की पकडतच नाहीत, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

हायवेवर ताशी ७०-८० किलोमीटर. ३४६ सीसी, जेमतेम १८ हॉर्सपॉवर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, हे इंजिन सावकाश ओढायला बनलंय, दिवसभर १०० ने पळवायला नाही. नवीन बोअर केलेली (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवलेली) असेल तर आणखी कमी, आणि मधेमधे थांबून गार होऊ द्या. इंजिनचा आवाज अचानक कोंडल्यासारखा झाला, गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली तर लगेच क्लच दाबा, पिस्टन पकडतोय.

इथेनॉलवाल्या पेट्रोलचं पण बघा, आता २० टक्क्यांचं मिळतं, जुने रबरी पाईप त्याने फुगतात, भेगा पडतात. पाईप बदलून घ्या आणि टाकी अर्धी भरून महिनोन्महिने उभी ठेवू नका, आत पाणी धरतं आणि गंज पकडतो. १५ वर्षं उलटली असतील तर आरसी रिन्यू आहे का तेही निघायच्या आधीच बघा, चेकनाक्यावर नाही.

सोबत पॉईंट सेट, कंडेन्सर, प्लग, चेन लॉक (चेन जोडायची कडी), ट्यूब, फ्यूज. क्लच वायर तर दुसरी आधीच जुन्या वायरला लागून ओढून बांधून ठेवा, तुटली की फक्त दोन टोकं जोडायची. पाने मात्र घरीच प्रत्येक नटाला लावून बघा, या गाडीवर इंची आणि मिलिमीटर दोन्ही नट निघतात, आणि नुसता मिलिमीटरचा सेट घेऊन गेलात तर वरंध घाटात नटाची डोकी गोल करत बसाल.