व्हीएस कोड: स्क्रोल करताना अक्षरं लहान-मोठी होत असतील तर
व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल दाबलेलं असताना माऊसचं चाक फिरलं की अक्षरं फुगायची. सेटिंग्जमध्ये फॉन्ट साइज मात्र १४ चा १४च. तो आकडा बदलून पाहिला, कंट्रोल धरून नमपॅडवरचं (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांतलं) शून्यही दाबलं, पण त्याने फक्त पूर्ण विंडोचा झूम मूळपदावर येतो. पार वैतागलो होतो.

जमलं ते असं. कंट्रोल-स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा, ‘माऊस व्हील झूम’ शोधून टिक काढा. मग एफ१ दाबून कमांडची यादी उघडा आणि तिथे एडिटरचा (कोड लिहायच्या भागाचा) फॉन्ट रीसेट करणारी कमांड शोधून चालवा. ही पायरी गाळू नका: टिक काढल्याने पुढचं झूम थांबतं, आधीचं तसंच राहतं.

मराठी मजकुरात वेलांट्या-उकार वरखालच्या ओळींना चिकटत असतील तर सेटिंग्जमध्येच ‘लाइन हाइट’ (ओळीची उंची) १.८ ठेवा, ८ पेक्षा लहान आकडा फॉन्ट साइजच्या पटीत धरला जातो.